दिवस कोणाचे मोजावे?

घरांतील दुखण्यांविषयीं या सदरांत आजवर पुष्कळ वेळां लिहिलें आहे. परंतु ज्या दुखणाइताला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, औषधाला हो किंवा नको म्हणतां येत नाहीं, आणि ज्याच्यासाठीं निर्णय मात्र साऱ्या घरानें मिळून घ्यावा लागतो, अशा दुखणाइताविषयीं लिहिण्याचा प्रसंग आज प्रथमच येत आहे. हा दुखणाईत म्हणजे आमच्या घरचा कुत्रा वाघ्या. कुत्र्याच्या कर्करोगासाठीं दोन-तीन पानें खर्च करावीं काय, असें कांहीं वाचकांस वाटेल. त्यांना माझी विनंति इतकीच कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आपल्या घरांतील एखाद्या मोठ्या दुखण्याशीं तो ताडून पाहावा.

नऊ वर्षांपूर्वीं चंपाषष्ठीच्या दिवशीं वाघ्या आमच्या साताऱ्याच्या घरीं आला. आमचें कुलदैवत खंडोबा. त्या दिवशीं वांग्याचें भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य झाला कीं कुत्र्याला पान वाढण्याची आमच्याकडे चाल आहे. आई सोंवळ्यांत होती. पान ओटीवर ठेवून ती मागें सरली, तोंच धाकट्या भावानें त्याच सकाळीं आणलेलें लॅब्रॉडोर जातीचें काळें पिलूं थेट पानांत पाय रोवून उभें राहिलें. "खंडोबाचा वाघ्याच आला म्हणायचा," असें आई म्हणाली आणि नांव ठरून गेलें. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडावयाचा नाहीं, हा नियम तो कोणी न शिकवितां शिकला. थोरल्या वहिनींच्या हातची दूधभाकरी, सकाळीं फाटकापाशीं वर्तमानपत्रवाल्याची वाट पाहणें, आणि संध्याकाळीं अण्णांबरोबर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फेरी, या तीन गोष्टींवर त्याचा दिवस उभा असे.

गेल्या वैशाखांत त्याच्या जबड्याखालीं दोन्ही बाजूंस सुपारीएवढ्या गांठी वहिनींच्या हाताला लागल्या. दाबल्या तरी दुखत नव्हत्या, खाणें-पिणें व्यवस्थित होतें. तेव्हां दांताचें कांहीं असेल असें म्हणून आम्हीं पंधरा दिवस तसेच घालविले. मग एका पशुवैद्यांनीं घशाची सूज म्हणून गोळ्या दिल्या. आठ दिवसांत गांठी जवळजवळ नाहींशा झाल्या, भूकहि वाढली, आणि आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत हें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हींहि विचारलें नाहीं. गोळ्या संपल्या आणि तीन आठवड्यांच्या आंत गांठी लिंबाएवढ्या होऊन परत आल्या. शिवाय खांद्यांच्या पुढें आणि मागच्या पायांच्या गुडघ्यांमागें नव्या दिसूं लागल्या.

तेव्हां आम्हीं त्याला पुण्यास, प्राण्यांच्या कर्करोगाचा विशेष अभ्यास केलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्यांनीं गांठींतून बारीक सुईनें थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या, रक्त तपासलें, पोटाची सोनोग्राफी केली. निदान लिंफोमा, म्हणजे लिंफोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, असें ठरलें. या पेशी शरीरभर संचार करीत असल्यामुळें गांठी कापून काढून हा रोग जात नाहीं. औषध साऱ्या शरीरांत पोंचवावें लागतें. याचे मुख्य प्रकार दोन, बी आणि टी. वाघ्याचा पहिला होता आणि तो औषधाला अधिक दाद देतो, एवढाच काय तो दिलासा.

"आधीं कोणत्या गोळ्या दिल्या होत्या?" असें बाईंनीं विचारलें, आणि आमच्या हातांतील कागद पाहून त्या क्षणभर गप्प राहिल्या. स्टेरॉइडनें या गांठी कांहीं दिवस ओसरतात. परंतु तें एकटें आधीं दिलें गेलें तर उरलेल्या पेशी पुढील औषधांना निर्ढावतात, आणि निदानहि अवघड होऊन बसतें. ज्यांच्या घरीं कुत्रें आहे त्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें, कीं न दुखणारी गांठ दिसली तर तिची सुईनें तपासणी झाल्याखेरीज सूज उतरविणारें औषध सुरू करूं नये. यांत दोष त्या पहिल्या वैद्यांचा जितका, तितकाच आमचा. गोळीचें नांव न विचारतां ती घरीं आणण्याची आपणां सर्वांनाच संवय आहे.

बाईंनीं कांहीं न लपवितां हिशेब समोर मांडला. कांहींच न केल्यास बहुधा ४ ते ६ आठवडे. केवळ स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यास एक ते दोन महिने. चार औषधांची पूर्ण चिकित्सा केल्यास १०० पैकीं ८० ते ९० कुत्र्यांच्या गांठी ओसरतात, निम्मीं कुत्रीं वर्षभराच्या आसपास जगतात, आणि दोन वर्षें गांठणारीं शंभरांत २०-२५ निघतात. रोग मुळापासून जाणें मात्र क्वचितच. ही चिकित्सा पांच-सहा महिने चालते. आरंभीं बहुतेक दर आठवड्यास आणि पुढें पंधरवड्यास दवाखान्यांत जावें लागतें. औषधें माणसांना देतात तींच, पण मात्रा बेतशीर ठेवितात. कारण येथें उद्देश रोगाशीं शेवटपर्यंत झुंजण्याचा नसून उरलेले दिवस चांगले जावे हा असतो. त्यामुळें पुष्कळशीं कुत्रीं ती चिकित्सा बरीच सोसतात. एक-दोन दिवस मळमळ, जुलाब, अन्नावर वासना नसणें, एवढ्यावर भागतें. आठवड्याभरानें रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात, त्या सुमारास ताप आला तर मात्र तांतडीनें डॉक्टर गांठावा लागतो.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर सारें घर ओटीवर बसलें. धाकटे बंधू अमेरिकेंत असतात. त्यांचा फोन आलेलाच होता. "दादा, पैशांचा विचार करूं नका. काय लागेल तें मी पाठवितों," असें ते पुनःपुन्हां सांगत होते. हें प्रेमच होतें. परंतु दूरच्या माणसाच्या प्रेमाला रात्रीं उठून ओकारी पुसावी लागत नाहीं. एकंदर खर्च किती येईल असें अण्णांनीं विचारलें आणि विचारल्याबरोबर ते ओशाळले. वास्तविक ओशाळण्याचें कारण नव्हतें. एकत्र कुटुंबांत चार जणांच्या मिळकतीवर घर चालतें. तेथें पैशाची गोष्ट प्रथमच उघड बोलली गेली नाहीं, तर पुढें ती टोमण्यांच्या रूपानें बोलली जाते, आणि तें दुखणाइताला आणि शुश्रूषा करणाऱ्याला दोघांनाहि जाचतें. आम्हीं तेथेंच एक आंकडा ठरविला आणि त्यापुढें जावयाचें नाहीं असें सर्वांच्या देखत बोलून टाकलें.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले होते. त्यांनीं सदाफुलीचीं पानें वाटून देण्याचा उपाय सुचविला. कर्करोगाचें औषध सदाफुलींतूनच निघतें, असें त्यांनीं कोठें तरी वाचलें होतें. तें खोटें नाहीं. ज्या सदाफुलीचीं फुलें आई रोज परडींत घेते, तिच्याच पानांतून १९६० च्या सुमारास व्हिन्क्रिस्टिन हें औषध हातीं आलें, आणि चार औषधांच्या त्या चिकित्सेंत तें आहेच. परंतु ढीगभर पानांतून तें चिमटीनें मोजावें इतकें निघतें, आणि ३० किलो वजनाच्या कुत्र्याला एका वेळीं एक मिलिग्रॅमहूनहि कमी, तेंहि थेट शिरेंतून देतात. वाटलेलीं पानें पोटांत गेलीं तर त्यांतील इतर विषांनीं जनावर ओकून ओकून मरावयाचें. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचीहि तीच गोष्ट. आपल्याला ज्या गोळीनें आराम पडतो तिनेंच कुत्र्याच्या पोटांत व्रण पडतात किंवा मूत्रपिंडें निकामी होतात, आणि स्टेरॉइडच्या जोडीला तर तिचा धोका दुणावतो.

या साऱ्या बोलण्यांत सर्वांत मोठा आवाज माझा होता. पूर्ण चिकित्सा, आणि तीहि उद्यांपासून, असें माझें म्हणणें. धर्मराजानें स्वर्गाच्या दारांत कुत्रा सोडला नाहीं, असा दाखलाहि मीं दिला. आई जपमाळ खालीं ठेवून म्हणाली, "सोडला नाहीं हें खरें, पण ओढून नेला असेंहि कोठें सांगितलेलें नाहीं. तो आपल्या पायांनीं मागून चालत होता."

मी गप्प बसलों. तोंवर वहिनी एक शब्दहि बोलल्या नव्हत्या, आणि सांगावयास लाज वाटते, पण त्यांना कोणी विचारलेंहि नव्हतें. नऊ वर्षें वाघ्याचें पान वाढणाऱ्या त्या, गांठ प्रथम हाताला लागली ती त्यांच्या. त्या म्हणाल्या, "भावजी, गाडी दारांत आली कीं वाघ्या जिन्याखालीं जाऊन थरथरत बसतो. परवां खंबाटकीच्या घाटांत त्याला दोनदां ओकारी झाली, आणि घरीं आल्यावर दुसऱ्या दिवशीं रात्रीपर्यंत त्यानें भाकरीला तोंड लावलें नाहीं. दर आठवड्याला पुणें म्हणजे सातांतले दोन दिवस त्याचे गेलेच. औषधाच्या मळमळीचे आणखी दोन धरा. उरले तीन. तुम्ही महिने मोजतां आहां, ते आपले. त्याचे दिवस कोण मोजणार?"

वाचकहो, दवाखान्यांतील कोणत्याहि कागदावर हा हिशेब नव्हता. तो असणार तरी कसा? जे आंकडे डॉक्टरांना ठाऊक असतात ते हजारों कुत्र्यांचे. आपल्या कुत्र्याचा दिवस कशाकशाचा बनलेला आहे, हें घरांतील एखाद-दुसऱ्याच माणसाला ठाऊक असतें. आणि बहुधा तें माणूस बैठकींत मागें बसलेलें असतें.

दुसऱ्या दिवशीं मीं बाईंना फोन करून वहिनींचाच प्रश्न विचारला. साताऱ्याहून पुणें सुमारें ११० किलोमीटर. इतका प्रवास दर आठवड्यास न करितां कांहीं करतां येईल काय? तेव्हां तिसरी वाट निघाली. डॉक्सोरुबिसिन या एकाच औषधाचें शिरेंतून इंजेक्शन, दर ३ आठवड्यांनीं एक, अशीं सारीं पांच. लाभ पूर्ण चिकित्सेहून कमी, साधारण सहा-सात महिन्यांचा. आणि आधींच्या गोळ्यांमुळें आमच्या बाबतींत त्याहूनहि कमीच धरावा, असें त्यांनीं बजावून सांगितलें. हें औषध हृदयावर ताण आणतें, म्हणून आधीं हृदय तपासून घेतलें. प्रवासांतील ओकारीसाठीं वेगळी गोळी मिळाली, आणि मधल्या रक्ततपासण्या साताऱ्यासच करून घ्यावयाचें ठरलें. प्रश्न विचारला नसता तर ही वाट आहे, हेंहि आम्हांस कळलें नसतें.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती. वहिनींची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं श्रावणांत माहेरीं येणार होती. हीं औषधें कुत्र्याच्या मूत्रांतून आणि विष्ठेंतून कांहीं दिवस बाहेर पडत असतात. गरोदर स्त्रीनें आणि लहान मुलांनीं त्यांच्या वाऱ्यालाहि उभें राहूं नये. म्हणून इंजेक्शनानंतर पांच दिवस त्याला परसांतील एकाच कोंपऱ्यांत न्यावयाचें, हातमोजे घालून सारें उचलावयाचें, जागेवर भरपूर पाणी ओतावयाचें, त्याचें अंथरूण वेगळें धुवावयाचें, आणि पुतणीनें त्याच्या जवळ जावयाचें नाहीं, असे नियम केले. हें काम अण्णांनीं स्वतःकडे घेतलें. आयुष्यभर ज्यांनीं आपला पेलाहि विसळला नव्हता, त्या अण्णांना पहांटे हातमोजे चढवून परसांत जातांना पाहून आईनें एकदां पदर तोंडाशीं धरला, तो हंसूं लपविण्यासाठीं कीं आणखी कशासाठीं, हें मला कळलें नाहीं.

पहिल्या इंजेक्शनापूर्वीं बाईंनीं एक गोष्ट आग्रहानें सांगितली. आरंभ करण्याच्या आधीं, मन शांत असतांना, थांबावयाचें केव्हां हें लिहून ठेवा. एकदां आंत शिरल्यावर तें ठरवितां येत नाहीं. एलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य विदुषींनीं २००४ सालीं यासाठीं एक मोजपट्टी सुचविली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटांहून चांगले दिवस अधिक आहेत काय, अशा सात बाबींस प्रत्येकीं दहापैकीं गुण द्यावयाचे. सत्तरांपैकीं ३५ हून अधिक असतील तर जगणें सुसह्य समजावें. वहिनींनीं तिचें आपल्या घरापुरतें रूप केलें. दूधभाकरी, वर्तमानपत्रवाला आणि फेरी, यांपैकीं दोन गोष्टी त्यानें आपण होऊन केल्या तर तो दिवस चांगला. भिंतीवरील दिनदर्शिकेंत रोज रात्रीं चांगल्या दिवसाला कुंकवाचा ठिपका, वाईटाला कांहीं नाहीं. सलग दोन आठवडे ठिपक्यांहून रिकामीं घरें अधिक झालीं कीं थांबावयाचें. खालीं घरांतील सर्वांनीं सह्या केल्या. दहा वर्षांच्या पुतण्यानेंहि केली.

आषाढांत पहिलें इंजेक्शन झालें. चौथ्या दिवशीं गांठी हाताला लागेनाशा झाल्या. श्रावण-भाद्रपदाचीं पानें कुंकवानें लाल झालीं. दुसऱ्या इंजेक्शनानंतर तीन दिवस जुलाब झाले, तीं तीन घरें रिकामीं राहिलीं. मिशांचे केस झडले, अंगावरचे राहिले. गौरी-गणपतींत तो नेहमींप्रमाणें माजघराच्या दारांत आडवा पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा खोळंबा करीत होता. पांचवें इंजेक्शन आश्विनाच्या आरंभीं झालें. आणि दिवाळीच्या तोंडावर घरांत नातीचा जन्म झाला. बारशाच्या दिवशीं वाघ्या पाळण्यापासून चार हातांवर, उंबरठ्याबाहेर, दुपारभर बसून होता. त्या दिवसाचा ठिपका वहिनींनीं जरा मोठा काढला.

कार्तिकांत गांठी परतल्या. दुसरीं औषधें होतीं; पण एकदां परतलेला रोग दुसऱ्या वेळीं कमी दाद देतो आणि कमी काळ देतो, असें बाईंनीं स्पष्ट सांगितलें. आम्हीं केवळ गोळ्यांवर ठेवलें. पहिल्या आठवड्यांत पांच ठिपके, दुसऱ्यांत तीन, तिसऱ्यांत दोन. त्या तिसऱ्या शनिवारीं पुन्हां मीच म्हणालों, कीं आणखी चार दिवस पाहूं. अण्णांनीं कांहीं न बोलतां दिनदर्शिका भिंतीवरून काढून माझ्या हातांत दिली. खालीं माझी सही होती.

साताऱ्यांतील एक तरुण डॉक्टर घरीं आले. आधीं गुंगीचें औषध, मग शिरेंतून दुसरें. सारें कांहीं मिनिटांत, आणि त्याला गाडींत न घालतां. त्याचें डोकें वहिनींच्या मांडीवर होतें. पुतण्याला आम्हीं आधींच खरें काय तें सांगितलें होतें. "झोपविलें" हा शब्द मुलांशीं बोलतांना वापरूं नये, असें डॉक्टरांनीं सुचविलें. कारण मग मूल स्वतःच्या झोंपेला भिऊं लागतें. आई उंबरठ्यापर्यंत आली, क्षणभर थांबली, आणि सोंवळ्यानेंच बाहेर येऊन तिनें त्याच्या कपाळावर हात ठेविला. मग ती पुन्हां स्नान करावयास गेली.

आमचा निर्णय सर्वांचा व्हावा असें मी म्हणत नाहीं. माझ्या एका मित्राची चार वर्षांची कुत्री याच रोगानें आजारी पडली. दवाखाना त्यांच्या गल्लींतच, आणि तिला डॉक्टरांचा लळा. त्यांनीं पूर्ण चिकित्सा केली व तिनें दीड वर्ष सुखानें काढलें. त्यांचेंहि बरोबर होतें. शिवाय प्रत्येक कर्करोग लिंफोमा नसतो. रस्त्यावरील कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी वाढणारी, एका कुत्र्यापासून दुसऱ्याला होणारी गांठ पुष्कळ दिसते. ती व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांनीं बहुधा पूर्ण बरी होते, आणि तेथें उपचार न करणें हीच चूक. कुत्रीच्या स्तनांतील गांठींपैकीं सुमारें निम्म्या निरुपद्रवी निघतात. उलट पायाच्या हाडांतील कर्करोगांत पाय काढावा लागतो, आणि तीन पायांवरहि कुत्रें आनंदानें धांवतें. पण पुढें औषध न दिल्यास बहुधा चार-पांच महिन्यांत रोग फुप्फुसांत उठतो. म्हणून आधीं रोगाचें नेमकें नांव, मग त्या रोगाचे आंकडे, मग आपल्या जनावराचा दिवस, मग घराची ऐपत, या क्रमानें विचार करावा. आणि बैठकींत जें माणूस पान वाढतें त्याला प्रथम बोलूं द्यावें.

उपचार केले म्हणजे प्रेम अधिक आणि थांबलों म्हणजे कमी, असा हिशेब मी आषाढांत करीत होतों. मला वाघ्या जावयास नको होता. त्याला गाडी नको होती. या दोन गोष्टी मी एकच समजत होतों. माणसांच्या दुखण्यांतहि आपण हें करीत नाहीं काय, याचा विचार मी अलीकडे वारंवार करितों. आई ८४ वर्षांची आहे. परवां मीं तिला प्रथमच विचारलें, कीं तुझ्यावर मोठें दुखणें आलें तर तुला काय हवें, काय नको. तिनें तें शांतपणें सांगितलें. वहिनींनीं लिहून घेतलें.

यंदाच्या चंपाषष्ठीला नैवेद्य झाल्यावर वहिनींनीं पान नेहमींच्या जागीं ओटीवर ठेविलें. बराच वेळ कोणी आलें नाहीं. मग फाटकांतून गल्लींतलें एक पिवळें कुत्रें बिचकत आंत आलें आणि भरीत तेवढें चाटून रोडगा तोंडांत धरून निघून गेलें. नवीन पिलूं आणावें असें पुतण्या म्हणतो आहे. वहिनींनीं अजून हो म्हटलेलें नाहीं, आणि या वेळीं त्यांना विचारल्याखेरीज आम्ही कांहीं ठरविणार नाहीं.